माणसांच्या कथांतून जपलेले गाव

(शाळेच्या हीरकमहोत्सवानिमित्त बेंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



काल रात्री निपाणीच्या बसस्थानकावर बेंगळुरूच्या गाडीत बसले, तेव्हा शेजारच्या आसनावर एक आजी होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. "लेकाकडं चाललोय, नातवंडास्नी बघाय," त्या म्हणाल्या. मी शाळेची बाई आहे हे कळताच त्यांनी आपली कहाणी सुरू केली. कोणत्या साली लग्न होऊन गावात आल्या, सासूने विड्या वळायला कसे शिकवले, पहिल्या हजार विड्यांना किती दिवस लागले. अंधारात त्यांची बोटे पदराच्या काठावर चालत होती, जणू पान गुंडाळत होती. धारवाड येईपर्यंत त्यांनी जे सांगितले, ते लिहून घेतले असते तर आजचे माझे भाषण त्यातच झाले असते. मी लिहून घेतले नाही. मला झोप लागली.

हा कबुलीजबाब आरंभीच देते, कारण आज मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते न करण्याचा दोष माझ्याकडेही आहे.

स्मरणिका समितीने मला 'शाळेची साठ वर्षे' या विषयावर बोलायला सांगितले होते. त्या साठ वर्षांचा तपशील स्मरणिकेत येणारच आहे. आजवरचे मुख्याध्यापक, निकालाचे तक्ते, देणगीदारांची नावे, नव्या इमारतीचे छायाचित्र, हे सारे योग्य आणि आवश्यक आहे. परंतु मुद्रिते वाचताना माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला. ज्या हातांनी या शाळेची फी भरली, ते हात या पुस्तकात कोठे आहेत? शंभर वर्षांनी कोणी ही स्मरणिका उघडली, तर त्याला शाळा दिसेल. पण शाळा ज्या गावात उभी राहिली ते गाव त्याला दिसेल काय?

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. तीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी नोकरीला नुकतीच लागले होते. नववीच्या वर्गाला मी निबंध दिला, 'माझी आवडती व्यक्ती'. एका मुलीने आपल्या आईवर लिहिले. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वखारीत खाट कसा उठतो, नाकातोंडाला फडके बांधूनही ठसका कसा थांबत नाही, घरी आल्यावर आई आधी अंगण झाडते आणि मगच तान्ह्या भावाला जवळ घेते, कारण तोवर वाऱ्याने लुगड्यातला तंबाखू थोडा तरी झडतो, असे तिने लिहिले होते. भाषा घरची होती, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ होत्या. मी लाल शाईने त्या चुका दाखवल्या आणि खाली शेरा दिला: 'थोर व्यक्तीवर लिहावे.' पुढच्या आठवड्यात तिने मार्गदर्शक पुस्तकातून लोकमान्य टिळकांवर निबंध उतरवून आणला. मी तिला दहापैकी आठ गुण दिले.

काही वर्षांपूर्वी ती मला भेटली. आई निवर्तल्याचे तिने सांगितले. मी त्या निबंधाविषयी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "बाई, त्या वह्या केव्हाच रद्दीत गेल्या." त्या बाईच्या आयुष्याविषयी जगात जर काही लिहिले गेले असेल, तर ती दोन पाने. त्यांवर मी रेघ मारली होती. ही चूक आता दुरुस्त होण्यासारखी नाही. ती पुन्हा घडू नये, एवढेच आपल्या हाती आहे.

मित्रहो, लहान गावाचा स्वभाव कशात असतो? आपल्या निपाणीचा विचार करा. महामार्गावरून जाणाऱ्याला ती एक थांबण्याची जागा वाटते. गॅझेटियर वाचणाऱ्याला ती तंबाखूची पेठ वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाला निपाणकरांचा वाडा आठवतो. १९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत येथे भरलेली बहिष्कृत वर्गाची परिषद आठवते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातले हे गाव म्हैसूर राज्यात आले. आपल्यापैकी कित्येक जण बारावीनंतर देवचंद महाविद्यालयात गेले. गाव कर्नाटकात आणि महाविद्यालय अर्जुननगरला, महाराष्ट्रात. सायकलवरून राज्याची सीमा ओलांडून तासाला वेळेवर हजर होणे ही आपल्याकडे नित्याची गोष्ट होती. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही आणि दस्तगीर साहेबांच्या उरुसात तर भाषा कोणती आणि धर्म कोणता हे कोणी विचारतच नाही. हा गावाचा स्वभाव आहे. तो कोणत्याही शासकीय दप्तरात नोंदलेला नाही. तो माणसांच्या बोलण्यात, वागण्यात आणि आठवणींत आहे, आणि म्हणूनच तो माणसांबरोबर जातो.

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी आपल्या गावाजवळ महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. हे इतिहासाच्या पुस्तकांत आहे. परंतु त्या दिवसांत त्या शेतकऱ्यांसाठी भाकरी कोणी थापल्या, कोणत्या गल्लीतून पाण्याच्या घागरी गेल्या, घरी परत न आलेल्या माणसाचे जेवणाचे ताट किती वेळ झाकून ठेवले होते, हे सांगणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. पुढच्या दहा वर्षांनंतर आपण कोणाला विचारणार आहोत?

आपण आज बेंगळुरूत जमलो आहोत, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्या गावच्या कष्टकरी बायांची कहाणी जपण्याचे एक मोठे काम याच शहरातून झाले. १९८० च्या सुमारास दीपा धनराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे 'युगांतर' नावाचा चित्रपट-गट उभा केला. ही मंडळी निपाणीला आली, वखारींत काम करणाऱ्या बायकांबरोबर राहिली, त्यांच्या संघटनेची हकिगत त्यांच्याच तोंडून ऐकली आणि १९८२ साली 'तंबाकू चाकिला ऊब आली' हा लघुपट तयार झाला. पुढे तो परदेशांतल्या अभ्यासकांपर्यंत पोहोचला. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिला आहे? मी स्वतः तो फार उशिरा पाहिला. पडद्यावरचे ते चेहरे माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांचे, आज्यांचे असावेत असे वाटत राहिले. चाळीस वर्षे आम्ही त्याच गावात शिकवत होतो, आणि आमचे गाव आम्हाला बेंगळुरूच्या कॅमेऱ्याने दाखवले.

असे म्हटले की आपल्या गावच्या एका लेखकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. महादेव मोरे पिठाची गिरणी चालवत. गिरणीच्या घरघरीत, अंगावर पिठाचा थर घेऊन, त्यांनी टॅक्सी ड्रायव्हर, गॅरेजमधले कामगार, शेतकरी आणि हमाल यांच्या कथा लिहिल्या. दळण घेऊन येणारी माणसे हे त्यांचे ग्रंथालय होते. २०२४ साली ते गेले. ज्या माणसांना कोणी 'थोर व्यक्ती' म्हटले नसते, त्यांना त्यांनी मराठी साहित्यात आणून बसवले. मी निबंधावर जो शेरा दिला, त्याचे उत्तर आमच्याच गावात, काही गल्ल्यांच्या अंतरावर, रोज लिहिले जात होते.

ज्या शहरात तुम्ही राहता, ते तरी याहून वेगळे काय सांगते? १६३८ मध्ये बेंगळुरू आदिलशाहीकडे आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झाले. त्यांच्या दरबारातील कवी जयराम पिंडे यांनी 'राधामाधवविलासचंपू' रचला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ साली प्रसिद्ध केला. त्यामुळे त्या दरबारातले पंडित आणि कवी आपल्याला ठाऊक आहेत. पण जुन्या बेंगळुरूच्या पेठांमधून चालून पाहा. अक्कीपेटे म्हणजे तांदळाची पेठ, बळेपेटे म्हणजे बांगड्यांची पेठ. धंद्याची नावे पाट्यांवर टिकली. तांदूळ निवडणारी, बांगड्या भरणारी माणसे मात्र नाहीशी झाली. राजाला कवी मिळाला. कासाराला तो मिळाला नाही.

या शहराने आणि या राज्याने या उणिवेची भरपाई करणारी माणसेही दिली. डी. व्ही. गुंडप्पा हे त्यांपैकी एक. कोलार जिल्ह्यातील मुळबागल या लहानशा गावी १८८७ साली त्यांचा जन्म झाला. त्यांनी बेंगळुरूत जी संस्था काढली, तिला आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव दिले. त्यांचा 'ज्ञापक चित्रशाळे' हा ग्रंथ, म्हणजे आठवणींची चित्रशाळा, आठ खंडांत आहे. त्यात दिवाण आहेत, विद्वान आहेत, कलावंत आहेत आणि त्यांच्या शेजारीच लेखकाने पाहिलेली साधी, सरळ माणसेही आहेत. कन्नड वाचणाऱ्या तुमच्या मुलांना तो ग्रंथ हाती द्या. शेजाऱ्याच्या भाषेतून आपल्याला आपले कर्तव्य कळले, तर त्यात कमीपणा नाही.

दुसरे नाव समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांचे. १९४८ साली त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून टिपणे काढली. १९७० मध्ये अमेरिकेत ते ज्या ठिकाणी लेखनासाठी राहिले होते, तेथे आग लागली आणि त्या टिपणांवरून वर्षानुवर्षे तयार केलेली सामग्री जळाली. तेव्हा त्यांनी स्मरणातून लिहायला घेतले आणि १९७६ साली 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांची उत्तरायुष्यातील वर्षे बेंगळुरूतच गेली. आगीत कागद गेले तरी त्यांच्याजवळ तल्लख स्मरण होते. आपल्याकडे आग लागलेली नाही, पण कागदही नाही आणि स्मरण दर वर्षी थोडे थोडे मालवत आहे.

मराठीत ही परंपरा नाही असे नाही. ना. गो. चापेकरांनी १९३३ साली 'बदलापूर' हे पुस्तक लिहिले, आणि त्यात आपल्या गावाची बारकाईने नोंद केली. आज बदलापूर स्थानकावर सकाळी लोकलसाठी जी गर्दी उसळते, तिच्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल की आपल्या पायांखालचे जुने गाव एका पुस्तकात जिवंत आहे? गाव वाढले, बदलले, ओळखू येईनासे झाले. पुस्तक लिहिले गेले म्हणून निदान काय बदलले ते सांगता येते. निपाणी आता तालुक्याचे ठिकाण झाली आहे. वखारी पाडून तेथे गाळे उभे राहत आहेत. आपल्याला 'बदलापूर' लिहिण्याची वेळ आली आहे, आणि ते एकट्याने लिहायचे नसून शाळेने मिळून लिहायचे आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही नववीच्या मुलांबरोबर हे काम आरंभिले. प्रत्येकाने गल्लीतील एका वडीलधाऱ्या माणसाची कहाणी लिहून आणायची. पहिल्या वह्या वाचून मी निराश झाले. 'त्यांनी खूप कष्ट केले. त्यांना आमचा सलाम.' सगळ्यांनी हेच लिहिले होते. मुले विचारत होती, "तुम्हाला कसं वाटलं?" आणि म्हातारी माणसे म्हणत होती, "बरं वाटलं." मग आम्ही प्रश्न बदलले. भावना विचारू नका, काम विचारा. सकाळी उठून पहिले काय करत होता? पान कोणत्या मापाने कापत होता? हजार विड्यांना किती मिळत आणि छाट म्हणून किती बाजूला टाकल्या जात? कामाचे बोलू लागले की माणूस आपोआप स्वतःविषयी बोलतो. एका आजोबांनी केवळ बैलगाडीच्या आखाला वंगण कसे घालायचे ते सांगता सांगता, पुनर्रचनेच्या वर्षी कोल्हापूरच्या बाजाराला जाताना आपण कसे चकित झालो होतो, ते सांगितले. रस्ता तोच, बैल तेच, आणि आता मध्येच दुसरे राज्य सुरू होत होते.

त्यानंतर आम्ही काही नियम ठरवले. माणसाचे शब्द बदलायचे नाहीत. 'मी गेलो' असे आजी म्हणाल्या तर 'मी गेले' असे करायचे नाही. तारीख आठवत नसेल तर दुष्काळ, पूर, लग्न यांच्या खुणेने वर्ष ओळखायचे. लिहिलेले सगळे त्या माणसाला वाचून दाखवायचे आणि तो म्हणेल ते काढायचे. या शेवटच्या नियमाचे महत्त्व मला एका प्रसंगाने शिकवले.

आमच्या एका विद्यार्थिनीने एका माउलीची कहाणी लिहिली. नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी घरी विड्या वळून मुलांना शिकवले. मोठा मुलगा शाळेतून आला की रात्री विड्यांना दोरा बांधायला बसे. विडी कामगारांच्या कल्याण निधीतून त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो अभियंता झाला. तो मुलगा आपल्याच शाळेचा. हे स्मरणिकेत येणार असे कळताच त्याने मला फोन केला. "बाई, ते छापू नका. येथे माझ्या मुलांना, सासरच्यांना हे ठाऊक नाही." मी त्याला समजावायला निघाले होते. कष्टाची लाज कसली, असे भाषण माझ्या ओठांवर आले होते. पण मला माझा जुना लाल शेरा आठवला. एकदा मी या कहाणीला कमी लेखले होते. आता ती ओढून चव्हाट्यावर आणण्याचा तरी मला काय अधिकार?

मी त्या माउलीकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "त्येला वाईट वाटत असंल तर त्येचं नाव काढा. माझं ऱ्हाऊ दे. काम मी केलंय." आम्ही मुलाचे नाव काढले. उरलेला मजकूर मी त्याला फोनवरून वाचून दाखवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाई, एक चूक आहे. दोरा काळा नव्हता, गुलाबी होता. तेवढे दुरुस्त करा." आम्ही दुरुस्त केले. त्याचे नाव आजही त्या कहाणीत नाही आणि त्याची इच्छा असेपर्यंत नसेल. पण इतक्या वर्षांनंतरही दोऱ्याचा रंग त्याच्या डोळ्यांसमोर होता, हे मी विसरू शकत नाही. श्रीनिवासांनीही आपल्या पुस्तकात त्या गावाचे खरे नाव न देता त्याला 'रामपुरा' म्हटले होते. जपणे म्हणजे उघडे पाडणे नव्हे, हे थोरांनाही ठाऊक होते आणि त्या माउलीलाही.

माजी विद्यार्थ्यांनो, आता तुमच्याकडे माझे मागणे. देणगी तुम्ही उदारपणे दिली आहे. मी पैसे मागत नाही. तुम्ही रविवारी घरी फोन करता, तब्येत विचारता, औषधे घेतली का विचारता. त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारा. 'आई, तू पहिल्यांदा कामाला गेलीस तो दिवस कसा होता?' 'आप्पा, आपले घर बांधताना दगड कोठून आणले?' जे ऐकाल ते त्याच दिवशी लिहा. बोली भाषेत लिहा, अशुद्ध लिहा; या वेळी मी लाल शाई वापरणार नाही. आईचे विडी कामगार म्हणून मिळालेले ओळखपत्र, पत्र्याचे माप, जुनी कात्री, वडिलांचे तंबाखूच्या सौद्याचे कागद टाकून देऊ नका. शाळेच्या ग्रंथालयात आम्ही एक कपाट यासाठी मोकळे केले आहे. कुलूप आहे, नोंदवही आहे, आणि कोणती कहाणी कोणी वाचावी हे सांगणाऱ्याच्याच इच्छेने ठरेल.

पालकहो, तुमच्या मुलांचे गाव आता बेंगळुरू आहे. त्यांची मराठी थोडी वेगळी होईल, कन्नड आपल्यापेक्षा पुष्कळ चांगली होईल. दोन्ही गोष्टी मला आनंदाच्या वाटतात. पण सुटीत त्यांना आजीकडे पाठवाल, तेव्हा हातात एक कोरी वही द्या. नातवाने विचारले तर आजी मुलाला न सांगितलेलेही सांगते, हा आमच्या दोन वर्षांच्या कामातला अनुभव आहे.

मी येत्या काही वर्षांत निवृत्त होईन. शाळेचा शतकमहोत्सव मी पाहीन असे नाही. त्या वेळची मुख्याध्यापिका ते कपाट उघडेल, तेव्हा तिला तेथे निकालाच्या फायलींबरोबर आपल्या आयांच्या आणि आज्यांच्या वह्या सापडाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

आज रात्रीच्याच गाडीने मी परत निघणार आहे. शेजारी कोणी आजी आल्या, तर या वेळी मी झोपणार नाही. वही पिशवीत घेतली आहे.